खाते मिटवण्याआधी माहितीचा हिशेब मागा

वाचकाचे पत्र : काही महिन्यांपूर्वी एका वेबसाइटवर ‘तुमच्या प्रकृतीनुसार मोफत आहारतक्ता’ अशी जाहिरात पाहून मी एक लांबलचक प्रश्नावली भरली. वजन, मासिक पाळीच्या तक्रारी, घरात कोणाला मधुमेह आहे का, झोप कशी लागते, कोणती औषधे चालू आहेत, हे सगळे प्रामाणिकपणे लिहिले. तक्ता पाहण्यासाठी शेवटी ईमेल आणि मोबाइल क्रमांक द्यावा लागला. तेव्हापासून विम्याचे आणि वजन कमी करण्याच्या औषधांचे फोन येत आहेत. दुसऱ्याच वेबसाइटवर मला पाळीच्या त्रासावरील गोळ्यांच्या जाहिराती दिसतात. ऑफिसच्या बैठकीत माझा स्क्रीन सर्वांना दिसत असताना अशीच एक जाहिरात उमटली, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मी खाते बंद केले, पण मेसेज थांबले नाहीत. ‘माझी सगळी माहिती काढून टाका’ असे लिहिले, तर कंपनीने सरकारी ओळखपत्राचा फोटो मागितला. घरचे म्हणतात, तू स्वतःच ‘मान्य आहे’वर क्लिक केलेस, आता बोलून काय उपयोग? खरेच काही उपयोग नाही का? आणि ओळखपत्र पाठवू का?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आधी सरळ देते. उपयोग आहे, आणि तुम्हाला वाटतो त्याहून पुष्कळ जास्त आहे. ओळखपत्राचा फोटो मात्र आत्ता पाठवू नका. याखेरीज एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे. माहिती काढून टाकण्याची मागणी थोडे दिवस बाजूला ठेवा आणि आधी त्या कंपनीकडून तुमच्या माहितीचा पूर्ण हिशेब मागून घ्या. काय घेतले, कशासाठी घेतले आणि कोणाकोणाला दिले, हे सगळे त्यात आले पाहिजे. माहिती एकदा मिटवली की हा हिशेब द्यायला कंपनीकडे काही उरत नाही आणि ती पुढे ज्यांच्या हाती गेली त्यांची नावे तुम्हाला कधीच कळत नाहीत. तुम्हाला येणारे फोन बहुधा त्या वेबसाइटचे नाहीत, तिच्याकडून माहिती मिळालेल्या दुसऱ्याच कोणाचे तरी असावेत, हे लक्षात घेतले तर या क्रमाचे महत्त्व पटेल.

आता घरच्यांचे म्हणणे घेऊ. एकदा ‘मान्य आहे’ म्हटले की सारे हक्क संपले, ही समजूत फार खोल रुजलेली आहे आणि तिच्यापायी असंख्य माणसे अन्याय होऊनही गप्प बसतात. कायदा तसे म्हणत नाही. युरोपीय संघात २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या ‘जीडीपीआर’ या कायद्यानुसार संमती मोकळेपणाने, ठरावीक हेतूसाठी, पुरेशी माहिती मिळाल्यावर आणि स्पष्ट कृतीतून दिलेली असावी लागते. आरोग्याच्या माहितीसाठी कंपनी संमतीवर विसंबणार असेल, तर ती त्या वापरासाठी उघडपणे व्यक्त केलेली असावी लागते. युरोपीय संघाच्या न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी ‘प्लॅनेट४९’ या जर्मन कंपनीच्या प्रकरणात निकाल दिला, की आधीच टिक करून ठेवलेली चौकट ग्राहकाने तशीच राहू दिली, एवढ्यावरून त्याची संमती गृहीत धरता येणार नाही.

भारताच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ या कायद्याचा रोखही तोच आहे. त्यात दिलेले एक उदाहरण तुमच्या बाबतीत चपखल बसते. दूरस्थ वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपने आरोग्याची माहिती आणि फोनमधील संपर्कयादी अशा दोन्हींसाठी परवानगी मागितली आणि ग्राहकाने दोन्हींना होकार दिला, तरीही सल्ला देण्यासाठी संपर्कयादी लागत नसल्यामुळे ती संमती आरोग्याच्या माहितीपुरतीच धरली जाईल, असे कायदा म्हणतो. तुम्ही होकार दिला तो आहारतक्त्यासाठी. विमा विकणाऱ्याला तुमचा क्रमांक देण्यासाठी तो नव्हता, आणि तक्ता तयार करायला विमा विक्रेत्याची काही गरजही नव्हती. शिवाय दिलेली संमती केव्हाही मागे घेता येते, आणि ती मागे घेणे देण्याइतकेच सोपे असले पाहिजे, हे तत्त्व युरोपीय आणि भारतीय अशा दोन्ही कायद्यांत आहे. म्हणून घरच्यांना सांगा, की तुम्ही क्लिक केले हे खरे; पण त्या क्लिकने नेमके काय दिले गेले आणि काय दिले गेले नाही, हे पाहावेच लागते.

हे घडते कसे, ते समजून घेणे तुमच्या कामाचे आहे, कारण मग पत्रात काय मागायचे ते आपोआप कळते. अशा प्रश्नावलीच्या पानांत जाहिरात कंपनीने दिलेला एक छोटा कोड बसवलेला असू शकतो. त्याला पिक्सेल म्हणतात. तुम्ही ‘पाळीच्या तक्रारी’ हे उत्तर निवडून ‘पुढे’वर क्लिक करता, नवे पान उघडते आणि त्या पानाच्या पत्त्यातच कित्येकदा निवडलेल्या उत्तराची खूण असते. कोड तो पत्ता, क्लिकची वेळ आणि तुमच्या ब्राउझरमधील कुकीचा, म्हणजे तुम्हाला पुन्हा ओळखण्यासाठी तिथे ठेवलेल्या छोट्या नोंदीचा ओळखक्रमांक जाहिरात कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवतो. तोवर तुमचे नाव कोणी विचारलेलेही नसते. शेवटच्या पानावर तुम्ही ईमेल लिहिला की तो ठरावीक गणिती रीतीने अक्षरे आणि आकड्यांच्या एका मालिकेत बदलला जातो, ज्याला हॅश म्हणतात, आणि ती मालिकाही पुढे जाते. आम्ही ग्राहकाचा ईमेल कोणाला देत नाही, फक्त हॅश देतो, असे उत्तर कंपनीकडून आले तर त्याने समाधान मानू नका. जाहिरात कंपनीकडे तुमचा तोच ईमेल आधीपासून असेल, तर तीही त्याच रीतीने हॅश काढते, दोन्ही मालिका तंतोतंत जुळतात आणि पाळीच्या तक्रारी असलेली ती अनोळखी ग्राहक कोण, हे उघड होते. ऑफिसच्या बैठकीत तुमच्यावर आलेला प्रसंग बहुधा याच वाटेने आला असावा. फोनची वाट वेगळी असते. तुमचे नाव, क्रमांक आणि ‘वजन कमी करण्यात रस’ यांसारखा एखादा शेरा असलेली यादी विक्रेत्यांना सरळ विकली जाते किंवा कमिशनवर दिली जाते.

हे सगळे तुमच्या मनाचे खेळ नाहीत. बेटरहेल्प या ऑनलाइन समुपदेशन देणाऱ्या कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मार्च २०२३ मध्ये आरोप ठेवला, की माहिती गोपनीय राहील असे सांगूनही तिने ग्राहकांचे ईमेल पत्ते आणि आरोग्यविषयक प्रश्नावलीतील माहिती फेसबुक, स्नॅपचॅट, क्रिटिओ आणि पिंटरेस्ट यांना जाहिरातींसाठी पुरवली. कंपनीने दोष कबूल केला नाही. पण ७८ लाख डॉलर भरण्याचे आणि आरोग्याची माहिती जाहिरातींसाठी न देण्याचे बंधन स्वीकारून तिने प्रकरण मिटवले. तुमच्या कंपनीने असेच केले असेल, असे मी म्हणत नाही. पण तशी शंका घेऊन जाब विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

खाते बंद करूनही मेसेज का थांबले नाहीत, हा प्रश्न तुम्हाला पडलाच असेल. खाते बंद करणे आणि माहिती मिटवणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. खाते बंद होते तेव्हा पुष्कळदा तुमच्या नोंदीपुढे ‘निष्क्रिय’ एवढाच शेरा पडतो आणि नोंद जागच्या जागी राहते. मेसेज पाठवण्याची यादी, फोन करणाऱ्यांची यादी आणि प्रश्नावलीची उत्तरे ही वेगवेगळ्या ठिकाणी, कित्येकदा वेगवेगळ्या कंपन्यांच्या प्रणालींत असतात आणि एका बटणाने ती सगळी हलत नाहीत. म्हणून मागणी लेखी आणि नेमकी असावी लागते.

तुम्ही कोणत्या देशात राहता ते पत्रात नाही, आणि या सदराचे वाचकही अनेक देशांत विखुरलेले आहेत, म्हणून कोणता कायदा कोणाच्या मदतीला येतो ते सांगते. यात कंपनीचे कार्यालय कुठे आहे यापेक्षा तुम्ही कुठे आहात, हे बहुधा जास्त महत्त्वाचे ठरते. युरोपीय संघात असलेल्या व्यक्तीला जीडीपीआरचे संरक्षण मिळते, मग तिचे नागरिकत्व कोणतेही असो आणि तिथल्या लोकांना सेवा देऊ करणारी कंपनी संघाबाहेरची का असेना. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांसाठी तिथला ग्राहक गोपनीयता कायदा १ जानेवारी २०२० पासून लागू आहे आणि जनमताने झालेल्या सुधारणेमुळे १ जानेवारी २०२३ पासून तो अधिक कडक झाला आहे. तो लहानसहान व्यवसायांना लागू होत नाही. मोठी उलाढाल असलेल्या, एक लाख किंवा अधिक ग्राहकांच्या वा कुटुंबांच्या माहितीची देवघेव करणाऱ्या किंवा निम्मे वा त्याहून जास्त उत्पन्न माहिती विकून मिळवणाऱ्या व्यवसायांना लागू होतो. तिथे प्रौढ ग्राहकाची माहिती विकण्याआधी त्याची परवानगी घ्यावीच लागते असे नाही, पण ‘माझी माहिती विकू नका’ असे सांगण्याचा हक्क ग्राहकाला आहे आणि त्यासाठीची लिंक वेबसाइटवर ठळकपणे द्यावी लागते.

भारतातील वाचकांसाठी जरा सविस्तर लिहिते, कारण इथे गोंधळ फार आहे. २०२३ चा कायदा मंजूर झाला असला तरी त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यांनुसार ग्राहकाच्या हक्कांच्या तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये अमलात येतात. तोपर्यंत हात बांधलेले आहेत असे मात्र नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० खाली २०११ मध्ये झालेले नियम शारीरिक आणि मानसिक आरोग्याच्या माहितीला संवेदनशील मानतात. ती घेण्यासाठी लेखी संमती लागते, आपण दिलेली माहिती पाहून दुरुस्त करून घेता येते, संमती लेखी कळवून मागे घेता येते, आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क वेबसाइटवर देऊन त्याने एका महिन्यात तक्रारीचा निकाल लावावा असे बंधन कंपनीवर आहे. हे नियम फारच थोड्या लोकांना माहीत आहेत, याचे मला वाईट वाटते. नव्या कायद्यातली एक तरतूद मराठी वाचकांनी आवर्जून ध्यानात ठेवावी. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजेच मराठीतही वाचण्याचा पर्याय ग्राहकाला द्यावा लागेल.

आता पत्राकडे वळू. गोपनीयता धोरणाच्या पानावर बहुधा अगदी तळाशी, गोपनीयतेबाबतच्या विनंत्यांसाठी किंवा तक्रार निवारण अधिकाऱ्यासाठी ईमेल पत्ता दिलेला असतो. ज्या ईमेलवरून नोंदणी केली त्याच ईमेलवरून तिथे लिहा. ग्राहकसेवेच्या चॅटवर लिहू नका. तिथले बोलणे हाताशी राहत नाही. मजकूर साधारण असा असावा :

‘माझे आपल्या वेबसाइटवरील खाते या ईमेल पत्त्यावर नोंदवलेले आहे. माझ्याविषयी आपल्याकडे असलेल्या सर्व वैयक्तिक माहितीची प्रत मला द्यावी. प्रश्नावलीतील माझी उत्तरे, माझ्या भेटींच्या नोंदी, कुकी आणि उपकरणाचे ओळखक्रमांक, तसेच या सर्वांवरून आपण माझ्याविषयी काढलेले निष्कर्ष यांचा तीत समावेश असावा. ही माहिती कोणत्या हेतूने आणि कोणत्या कायदेशीर आधारावर घेतली व ती किती काळ ठेवणार आहात, हे कळवावे. ज्या कंपन्यांना ती दिली, विकली किंवा आपल्या पानांवरील कोडद्वारे मिळू दिली, त्यांची नावे द्यावीत. माझी माहिती जाहिरातींसाठी वापरण्यास किंवा इतरांना देण्यास मी दिलेली कोणतीही संमती या पत्राने मागे घेत आहे. असा वापर तत्काळ थांबवावा. वरील माहिती मला मिळेपर्यंत मूळ नोंदी मिटवू नयेत. त्याबाबत मी स्वतंत्रपणे लिहीन.’

यातले काही शब्द मी जाणूनबुजून घातले आहेत. ‘निष्कर्ष’ हा त्यांतला एक. तुम्ही दिलेल्या उत्तरांवरून कंपनीने तुम्हाला ‘मधुमेहाचा धोका असलेली ग्राहक’ अशा गटात टाकले असेल, तर तो शेराही तुमच्याविषयीचीच माहिती आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात तर वैयक्तिक माहितीच्या व्याख्येतच अशा निष्कर्षांचा उल्लेख आहे. दुसरा शब्द ‘नावे’. गोपनीयता धोरणात ‘आमचे निवडक भागीदार’ असे लिहून वेळ मारून नेलेली असते आणि उत्तरातही तेच शब्द परत येतात. युरोपीय न्यायालयाने १२ जानेवारी २०२३ रोजी ऑस्ट्रियाच्या टपाल कंपनीच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे, की माहिती नेमकी कोणाला दिली हे जाणण्याचा ग्राहकाला हक्क आहे आणि ते सांगणे अशक्य असेल किंवा मागणीच अवाजवी असेल, तरच केवळ प्रकार सांगून भागेल. भारताच्या नव्या कायद्यातही ज्यांना माहिती दिली त्या सर्वांची ओळख मागण्याचा हक्क आहे. कॅलिफोर्नियात मात्र कंपन्यांचे प्रकार सांगितले तरी चालते; तरीही नावे मागायला हरकत नाही. शेवटची गोष्ट अशी, की वापर थांबवा पण नोंदी मिटवू नका, असे लिहिले नाही तर कंपनी संमती मागे घेतल्याचे निमित्त करून सगळे पुसून टाकेल आणि आता आमच्याकडे काहीच नाही, असे कळवून मोकळी होईल.

उत्तरासाठी युरोपात एक महिन्याची मुदत आहे आणि काम किचकट असेल तर ती आणखी दोन महिने वाढू शकते. कॅलिफोर्नियात ४५ दिवस आहेत, कारण कळवून तितकेच आणखी दिवस घेता येतात. माहिती विकणे थांबवण्याच्या मागणीवर मात्र कामकाजाच्या १५ दिवसांच्या आत कृती करावी लागते. भारताच्या नव्या नियमांत तक्रारीच्या निवारणासाठी जास्तीत जास्त ९० दिवस दिले आहेत.

ओळखपत्राबद्दल आता नीट सांगते. कंपनीने ओळख पटवून घ्यावी, हे मुळात योग्यच आहे; नाहीतर कोणीही तुमचा ईमेल लिहून तुमच्या आरोग्याची सारी माहिती मागवून घेईल. पण नोंदणी करताना ज्यांनी फक्त ईमेल आणि मोबाइल क्रमांक घेतला, त्यांना तुमची ओळख पटवायला त्याच ईमेलवरून आलेले पत्र आणि त्याच मोबाइलवर पाठवलेला ओटीपी पुरला पाहिजे. सरकारी ओळखपत्रावरचे नाव ताडून पाहायला त्यांच्याकडे तुमचे आधीचे ओळखपत्र तरी कुठे आहे? जीडीपीआरनुसार अर्जदाराच्या ओळखीबद्दल रास्त शंका असेल तरच जास्तीची माहिती मागता येते. कॅलिफोर्नियात तर माहिती विकू नका एवढे सांगण्यासाठी ओळख सिद्ध करण्याची अटच घालता येत नाही. म्हणून उत्तरात लिहा : ‘नोंदणीकृत ईमेल आणि ओटीपी यांनी ओळख पटवण्यास मी तयार आहे. ते पुरेसे का नाही, याचे कारण लेखी कळवावे.’ इतके करूनही ओळखपत्राशिवाय मार्गच उरला नाही, तर छायाप्रतीवरील क्रमांक आणि फोटो झाकून, वरून आडवे ‘केवळ अमुक कंपनीकडील माहितीच्या विनंतीसाठी’ असे तारखेसह लिहून मगच पाठवा. आधार कार्ड असेल तर शेवटचे चारच आकडे दाखवणारी मास्क केलेली प्रत अधिकृतपणे डाउनलोड करता येते, तीच द्या. आणि काम झाल्यावर ती प्रत नष्ट केल्याचे लेखी मागा.

हिशेब हाती आला की दुसरे पत्र मिटवण्याचे. इथे अपेक्षा वास्तव ठेवा. सगळेच मिटवून मिळत नाही. पैशांचा व्यवहार झाला असेल तर करविषयक कायद्यांसाठी लागणाऱ्या नोंदी, चालू वादासाठी लागणारे कागद, कायद्याने ठेवायला सांगितलेल्या इतर नोंदी कंपनी ठेवू शकते. तुम्ही काही विकत घेतलेले नाही, त्यामुळे तुमच्या बाबतीत ही सबब फार लांबपर्यंत चालायची नाही, आणि प्रश्नावलीतील उत्तरे तर कोणत्याही बिलाचा भाग नसतात. कंपनी नकार देईल तर कोणती नोंद, कोणत्या कायद्याखाली आणि किती काळ ठेवणार, हे नोंदवार विचारा. एका बाबतीत मात्र मी तुम्हाला थोडी माहिती त्यांच्याकडे राहू द्यायला सांगेन. तुमचा ईमेल आणि क्रमांक ‘यांना संपर्क करू नये’ अशा यादीत ठेवायला सांगा. तुमची प्रत्येक खूण पुसली गेली आणि उद्या तोच क्रमांक दुसऱ्या कोणाकडून विकत घेतलेल्या यादीतून त्यांच्याकडे परत आला, तर तुम्ही नको म्हटले होते हे त्यांना कळायला काही आधारच राहणार नाही.

त्याच पत्रात, ज्यांना माहिती दिली त्यांनाही ती मिटवायला कळवावे, अशी मागणी करा. युरोपात तर हे कळवणे, अशक्य किंवा फारच जिकिरीचे नसेल तर, कंपनीवर बंधनकारकच आहे. पण केवळ त्यावर विसंबू नका. नावे मिळालेली असतील तर त्या प्रत्येक कंपनीला स्वतः तेच पहिले पत्र पाठवा. फोन करणाऱ्यालाही शांतपणे कंपनीचे नाव आणि क्रमांक कुठून मिळाला ते विचारा, आणि तारीख व वेळ घालून लिहून ठेवा. पुष्कळ जण फोन ठेवून देतील, पण एखाद्याने सांगितलेले नाव कंपनीच्या यादीत नसेल, तर तुमच्या तक्रारीला मोठे बळ येते. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांसाठी जानेवारी २०२६ पासून एक सरकारी सोय झाली आहे. एकाच अर्जात तिथे नोंदलेल्या सर्व डेटा ब्रोकर, म्हणजे लोकांची माहिती जमवून विकणाऱ्या कंपन्यांना माहिती मिटवायला सांगता येते, आणि १ ऑगस्ट २०२६ पासून त्या कंपन्यांनी अशा अर्जांवर कृती सुरू करायची आहे.

जाहिरातींचा त्रास पत्रांच्या उत्तरापर्यंत थांबणार नाही, म्हणून तोवर ऑफिसच्या कामासाठी ब्राउझरचे वेगळे प्रोफाइल करा आणि त्यात स्वतःचे खाजगी खाते उघडू नका. जुन्या कुकी पुसा, फोनच्या सेटिंगमधील जाहिरातींचा ओळखक्रमांक काढून टाका किंवा नवा घ्या, आणि फायरफॉक्स, ब्रेव्ह यांसारख्या ब्राउझरमध्ये ‘ग्लोबल प्रायव्हसी कंट्रोल’ हा संकेत चालू ठेवा. माझी माहिती विकू नका, असे तो प्रत्येक वेबसाइटला आपणहून कळवतो, आणि कॅलिफोर्नियात कायदा लागू असलेल्या व्यवसायांना तो मानावा लागतो. इतर ठिकाणी तो पाळला जाईलच, असे धरून चालू नका.

मुदतीत उत्तर आले नाही किंवा उडवाउडवीचे आले, तर तक्रारीची वाट मोकळी आहे. युरोपीय संघात तुम्ही राहता त्या देशाच्या डेटा संरक्षण प्राधिकरणाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. शिवाय झालेल्या मनस्तापाचीही भरपाई मागता येते. मात्र नियम मोडला एवढे दाखवून भागत नाही, त्यामुळे तुम्हाला प्रत्यक्ष काय सोसावे लागले ते दाखवावे लागते. बैठकीतला तो प्रसंग तारखेसह लिहून ठेवा, तो इथे उपयोगी पडेल. कॅलिफोर्नियात गोपनीयता संरक्षण एजन्सी किंवा महान्यायवादी यांच्याकडे जाता येते. ग्राहकाला स्वतः दावा लावण्याची मुभा त्या कायद्यात फक्त माहितीची चोरी वा गळती झाल्याच्या काही प्रकरणांपुरतीच आहे. भारतात आज तक्रार निवारण अधिकारी हा पहिला टप्पा. कंपनीच्या निष्काळजीपणामुळे तुमचे नुकसान झाले असेल तर भरपाईसाठी राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे, म्हणजे त्या कायद्याखालील न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. नव्या तरतुदी आल्यावर आधी कंपनीकडे आणि मग डेटा संरक्षण मंडळाकडे, असा क्रम राहील. तिथे सुरक्षेतील हलगर्जीपणासाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. पण तो सरकारी तिजोरीत जाणार आणि भरपाईची जुनी तरतूद मात्र वगळली जाणार. ज्याचे नुकसान झाले त्याच्या हाती काहीच येऊ नये, हे मला मुळीच पटत नाही, आणि ग्राहक संघटनांनी यावर आवाज उठवायला हवा.

यापैकी कोणत्याही ठिकाणी गेलात तरी पुरावा लागेलच. म्हणून पहिले पत्र पाठवण्याआधी, शक्य असेल तर आजच, त्या वेबसाइटचे गोपनीयता धोरण तारखेसह उतरवून ठेवा, कारण ते केव्हाही बदलले जाऊ शकते. प्रश्नावलीच्या पानांचे, विशेषतः जिथे ‘मान्य आहे’ म्हणायला लावले त्या पानाचे स्क्रीनशॉट काढा. मात्र ते काढताना पुन्हा खरी उत्तरे भरू नका. आलेले मेसेज पुसू नका. कंपनीचे उत्तर आले की त्यातील तुमचे नाव, पत्ता आणि क्रमांक झाकून ते या सदराकडे जरूर पाठवा. त्यातल्या कोणत्या नोंदी लगेच मिटवायला लावायच्या आणि कोणत्या तक्रार निकालात निघेपर्यंत राखून ठेवायला सांगायच्या, ते आपण नोंदवार पाहू.